छत्रीखालचा हास्यक्लब

दिनांक ३ मार्च २०२४, रविवार. या दिवशी नाथा तांडेल याने सहा हजार चारशे पन्नास रुपये रोख मोजून चाकांचा, रंगीत दिवे लुकलुकणारा, माइकसकट स्पीकर आणला आणि कोपरच्या बागेतल्या हास्यक्लबाला भेट म्हणून दिला. क्लबाचे संस्थापक यशवंत खांबेटे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी तो घेतला नाही. डोंबिवली पश्चिमेच्या त्या बागेत पुढे जे झालं त्याची सुरुवात याच दिवसापासून धरावी लागते.

अण्णांचं वय तेव्हा त्र्याहत्तर. जन्म कल्याणचा, पारनाक्याजवळचा. कॉमर्सची दोन वर्षं करून ते एसटीत लागले आणि नोकरीचा उत्तरार्ध त्यांनी ठाण्याला खोपटच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून काढला. खिडकीत बसून गाड्या फलाटाला लावायच्या आणि माइकवरून त्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. अण्णांच्या आवाजाला आगारात धाक होता. एका गणपतीत कोकणाच्या जादा गाड्या लागलेल्या असताना वीज गेली आणि माइक बंद पडला. अण्णा बाकावर चढले आणि अंधार पडेपर्यंत सगळ्या गाड्या नुसत्या गळ्यावर सोडल्या. चिपळूणची माणसं चिपळूणच्या गाडीत बसली, मालवणची मालवणच्या. कुणाची ट्रंकसुद्धा चुकली नाही. ही हकिगत त्यांनी हास्यक्लबात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगितली होती, आणि जुन्यांना दर गणपतीत पुन्हा.

निवृत्तीनंतर हा आवाज घरी आला. घर दोन खोल्यांचं, कोपर स्टेशनापासून चालत जाण्याजोगं. मंदाकिनीबाईंनी तो काही महिने ऐकून घेतला. मग एक दिवस पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "अहो, मी स्वयंपाकघरात आहे. मुरबाडला नाही."

त्याच सुमारास डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या सुरू केल्या आणि माणसांत मिसळा म्हणून सांगितलं. अण्णांनी ठाण्याला तलावपाळीवर एक हास्यक्लब पाहिला, कडेला उभं राहून सगळे प्रकार वहीत उतरवून घेतले आणि महिन्याभरात कोपरच्या बागेतल्या काँक्रीटच्या छत्रीखाली स्वतःचा क्लब काढला.

अण्णा स्वतः हसरे नव्हते. कुणी विनोद सांगितला की ते पुढच्या वाक्याची वाट पाहत. पण हास्यक्लबाला विनोद लागत नाही हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. तिथे लागते ती शिस्त. सकाळी साडेसहाला टाळ्या, मग श्वास, मग नमस्ते हास्य, ताक घुसळण्याचं हास्य, मौन हास्य आणि सर्वांत शेवटी गडगडाटी हास्य. गप्पा नाहीत, राजकारण नाही, विनोद सांगायला सक्त मनाई. आणि हसताना डोळे मिटलेले हवेत. डोळे उघडे असले की माणूस दुसऱ्याकडे बघतो, लाजतो, हसणं छातीतून न येता ओठांतून येतं, असं अण्णांचं म्हणणं होतं. "डोळे मिटा!" म्हणून ते ओरडले की तीस-पस्तीस म्हातारी माणसं डोळे मिटत. "थांबा!" म्हटलं की थांबत.

या 'थांबा'साठी अण्णा जगत होते असं म्हटलं तरी चालेल. मुलगा अनिमेष ठाण्याला राहायचा. त्याच्याकडे गेलं की सून टीव्हीचा आवाज वाढवायची. सोसायटीच्या सभेत अण्णा बोलायला उठले की लोक मोबाइल काढत. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात त्यांचा आवाज ऐकून लोक वळून बघत, पण म्हटल्याप्रमाणे करत कोणी नसे. त्यांच्या शब्दावर माणसं हलतात अशी एकच जागा आता जगात उरली होती, ती छत्री.

तिथे नाथा तांडेल आला.

नाथा खाडीकाठच्या गावठाणातला. बापजाद्यांची मासेमारी, पुढे त्याने रेतीच्या होड्या घातल्या, त्या बंद पडल्यावर गावची जागा बिल्डरला दिली आणि तीन मजली घर बांधलं. साखर वाढली म्हणून मुलांनी त्याला बागेत हाकललं होतं. बायको चंद्रभागा रोज त्याच्याबरोबर यायची. नाथा हसायला लागला की अण्णांचा हुकूम त्याच्या हसण्याखाली बुडून जायचा. 'थांबा' म्हटल्यावरही तो आणखी दोन-तीन गडगडाट करून मगच थांबायचा. आणि डोळे कधीच मिटायचा नाही.

"तांडेल, डोळे!"

"उघडे हायत ना, कंट्रोलर. गेलो नाय अजून."

सगळी रांग फुटायची. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. नाथा त्यांना अण्णा म्हणत नसे, काका म्हणत नसे. पहिल्या दिवसापासून 'कंट्रोलर', आणि तेही अरे-तुरे करून.

तर त्या रविवारी स्पीकर आला. नाथाने तो छत्रीच्या बरोबर मधोमध उभा केला आणि बटण दाबलं. दिवे लुकलुकले.

"कंट्रोलर, बग काय मशीन हाय! हितं बोललास का पार खाडीवर जाईल."

"खाडीला हसवायचं नाहीये आपल्याला."

"अरे, मागच्या रांगेतल्या बायांना ऐकू येत नाय. ही आमची चंद्रभागा. कवा हात वर करायचा, कवा खाली, तिला समजत नाय."

"ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी पुढे उभं राहावं. इतकी वर्षं माझा आवाज पुरला."

"तुझा आवाज म्हातारा झाला रे."

हे तो सहज बोलून गेला असेल. पण रांगेत कुणीतरी 'हो' म्हणालं, आणि तो आवाज बायकांच्या बाजूने आला. अण्णांनी त्या बाजूला पाहिलं नाही.

"तांडेल, माझ्या छत्रीखाली हे यंत्र लागणार नाही. लावायचंच असेल तर लांब लावा."

"तुझी छत्री? तुझ्या बापसानं बांधली का?"

"महापालिकेने बांधली."

"आनि जमीन कोनाची होती, म्हाईत हाय? आमची जाली सुकायची हितं. माझी आयस हितं बसून जाली शिवायची."

"काही कागद आहे?" अण्णांनी विचारलं.

नाथा हसला. मग त्याने स्पीकरचा दांडा धरला आणि तो फरशीवरून खडखडत बागेच्या दुसऱ्या टोकाला, व्यायामाच्या लोखंडी साधनांजवळ नेला. चंद्रभागा गेली. गावठाणातले सगळे गेले. त्यांच्या पाठोपाठ दोन निवृत्त शिक्षक, एक बँकवाले आणि मागच्या रांगेतल्या बहुतेक बायका गेल्या. मंदाकिनीबाई तेवढ्या छत्रीखाली राहिल्या. अण्णांनी वळून न बघता 'श्वास घ्या' म्हटलं.

आता एका बागेत दोन हास्यक्लब झाले. साडेसहाला इकडून अण्णा ओरडत, तिकडून स्पीकर. इकडचं नमस्ते हास्य संपायच्या आत तिकडचं ताक घुसळायला सुरू होई. इकडची माणसं तिकडच्या तालावर हात हलवू लागत आणि अण्णा त्यांना नावाने झापत. फिरायला येणारी मंडळी मधल्या वाटेवर उभी राहून दोन्हीकडे बघत. दोन टोळ्या एकमेकींकडे तोंड करून दात विचकत आहेत असं ते दृश्य दिसे, आणि खरं सांगायचं तर होतंही तसंच. सिंहहास्यात जीभ बाहेर काढायची असते. ती आता दोन्हीकडची माणसं समोरच्या टोळीला दाखवत होती.

तिकडे हसून झालं की चहा असे. बुधवारी भिजवलेले चणे. कुणाचा वाढदिवस असला की चंद्रभागा नारळाच्या वड्या करून आणी आणि नाथा माइकवर एखादं कोळीगीत म्हणे. डोळे तपासायला डॉक्टर आले, मोफत. अण्णांनी उत्तर म्हणून व्याख्यानं ठेवली. पहिलं 'मृत्युपत्र कसे करावे' यावर. ते ऐकून दोघंजण इतके खचले की आठवडाभर आले नाहीत आणि नंतर आले ते तिकडे. दुसरं अण्णांनी स्वतः दिलं, ज्येष्ठांना मिळणाऱ्या प्रवास सवलतींवर. पासष्टीनंतर एसटीत अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर मोफत, बायकांना तसंही अर्धं. कुठलं ओळखपत्र चालतं, वाहकाने वाद घातला तर काय बोलायचं. विषय त्यांच्या हातचा होता. त्या दिवशी तिकडचेही काही लोक येऊन छत्रीच्या कडेला उभे राहिले, आणि अण्णांना वाटलं, आता वारं फिरलं.

पुढच्या आठवड्यात नाथाचा अख्खा क्लब कल्याणहून एसटीने वज्रेश्वरीला जाऊन आला.

"लक्ष द्या, लक्ष द्या," दुसऱ्या दिवशी नाथा माइकवर नाकातून बोलला, अगदी आगारातल्या थाटात. "म्हाइती कंट्रोलरची, गाडी सरकारची, भजी नाथाची! आनि कोपरवरून सुटनारी खांबेटे एक्सप्रेस आज बी रिकामी जानार हाय, परवाशांनी नोंद घ्यावी!"

तिकडे हशा उसळला. अण्णा छत्रीखाली मुठी आवळून उभे होते. त्या हशात एक हसणं त्यांना ओळखीचं वाटलं आणि तरी ओळखू येईना. बारीक, तुटक, मधेच हिसका घेणारं. त्यांनी नीट पाहिलं. मंदाकिनीबाई चंद्रभागेच्या खांद्याला धरून हसत होत्या.

त्या वज्रेश्वरीलाही गेल्या होत्या. घरी 'कल्याणला मावसबहिणीकडे जाते' म्हणून सांगितलं होतं.

"खोटं बोललीस," अण्णा घरी आल्यावर म्हणाले.

"बोलले."

"इतकी वर्षं माझ्याबरोबर छत्रीखाली उभी राहिलीस. तिकडे काय मिळतं तुला?"

"चहा."

"घरी मिळत नाही?"

"घरी मी करते. तिकडे दुसरं कुणीतरी करून हातात देतं."

"तो माणूस माझी नक्कल करतो. माइकवर. तुझ्यादेखत."

"बरी करतो," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि कुकरची शिटी झाल्याने उठल्या.

त्यानंतर सकाळी नवरा-बायको एकाच वेळी घरातून निघत, जिना उतरत, बागेच्या फाटकातून एकत्र आत शिरत आणि तिथून एक डावीकडे, एक उजवीकडे. परतताना कधी एकत्र, कधी नाही. बोलणं भाजी आणि गोळ्या यांपुरतं.

अण्णांनी आवाजाच्या त्रासाबद्दल उद्यान विभागाकडे तक्रार केली. तिथल्या तरुण कारकुनाने ती दोनदा वाचली. "काका, हास्यक्लबाचा त्रास होतो अशी तक्रार हास्यक्लबानेच केलीय?"

"दुसऱ्या हास्यक्लबाची आहे."

"मग दोघं मिळून हसा ना." आणि कारकून स्वतःच हसला.

ऑक्टोबरपर्यंत छत्रीखाली सहा माणसं उरली. त्यांतले परशुराम गद्रे तेवढे खरे निष्ठावंत. बाकीचे उन्हाच्या किंवा गुडघ्याच्या कारणाने, छत्री फाटकाजवळ पडते म्हणून येत. आणखी दोन-चार कमी झाले की छत्री जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. नाथा तसं उघड म्हणायचाही. "दिवाली झाली का आमी तिकडं येतो, कंट्रोलर. हितं ऊन लागतं बायांना. तू हो बाजूला, नायतर रांगेत उभा रा. चणे देऊ तुला बी."

"माझ्या जिवंतपणी नाही."

"मंग थांबतो की! मना घाई नाय."

दिवाळीच्या आधीचा गुरुवार होता. अण्णांनी टाळ्या घेतल्या, श्वास घेतला. तिकडे स्पीकर सुरू झाला आणि नाथाचा नाकातला आवाज आला, "लक्ष द्या, लक्ष द्या. फलाट क्रमांक..." इथे तो अडला. मग माइकमधून एक विचित्र आवाज निघाला. आत ओढलेला, खरखरीत श्वास, त्यावर एक तुटकं 'हा', मग पुन्हा श्वास, पुन्हा 'हा'. नाथा कमरेत वाकला. एक हात छातीवर, दुसऱ्यात माइक.

त्याच्या माणसांना वाटलं, नाथाशेठने नवीन प्रकार काढला. तो अधूनमधून काढायचाच. गेल्या महिन्यात बोंबलाचं हास्य काढलं होतं. कुणीतरी ओरडलं, "दम्याचं हास्य!" आणि सगळी रांग छातीवर हात ठेवून, कमरेत वाकून तसाच श्वास ओढत 'हा... हा...' करू लागली. एका शिक्षकांनी मोबाइल वर धरला आणि चित्रण सुरू केलं. नाथा गुडघ्यांवर आला, तेव्हा रांगेतली दोन-तीन माणसं, ज्यांना जमण्यासारखं होतं ती, गुडघ्यांवर बसली.

अण्णांना वेगळं वाटलं. गेले काही दिवस त्यांना खोकला होता आणि सूचना देताना मधेच श्वास लागत होता. नाथा आपल्या खोकल्याची नक्कल करतोय याबद्दल त्यांना तिळमात्र शंका आली नाही. त्यांच्या डोक्यात रक्त चढलं.

"गडगडाटी हास्य!" ते गरजले. "असं हसा की त्या डबड्याचा आवाज बुडला पाहिजे! डोळे मिटा!"

त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि ते हसले. आयुष्यात हसले नव्हते असे हसले. त्यात मार्चपासूनचं सगळं होतं. डोळ्यांपुढे अंधार, कानात स्वतःचा आवाज आणि त्याखाली कुठेतरी ती माइकमधली खरखर. ती खरखर दबत चालली तसा त्यांना जोर चढला. कुणीतरी कोपराला हात लावला. गद्रे असणार. हसताना हात लावायचा नाही हा नियम गद्रेंना माहीत होता. अण्णांनी कोपर झटकलं आणि आणखी मोठ्याने हसले.

खरखर संपली. अण्णांना वाटलं, जिंकलो.

श्वास पुरेना म्हणून त्यांनी डोळे उघडले. बागेत एकही माणूस हसत नव्हता. त्यांची सहाजणं गप्प उभी होती. वाटेवरची फिरणारी मंडळी गप्प उभी होती. तिकडे नाथा फरशीवर आडवा पडला होता, चंद्रभागा त्याच्या तोंडाशी वाकली होती, आणि तिच्या शेजारी गुडघे टेकून बसलेल्या मंदाकिनीबाई मान वळवून सरळ त्यांच्याकडे बघत होत्या.

रुग्णवाहिकेला फोन लागला; यायला वीस मिनिटं लागतील म्हणाले. अण्णा फाटकाकडे धावले. रस्त्यावरची रिक्षा हात आडवा घालून थांबवली, वळवून आत घेतली. "बाजूला व्हा! वाट द्या! दोघं खांद्याला धरा, दोघं पायाला! मोबाइल खिशात घाला!" गर्दी फाटली. नाथाला मागच्या सीटवर दोन्ही बायकांच्या मध्ये कोंबलं आणि अण्णा चालकाच्या शेजारी अर्धे बाहेर लोंबकळत बसले. वाटेत एकदा चंद्रभागा म्हणाली, "मंदाबाय, याचा हात गार परलाय." इस्पितळाच्या दारात चालकाने एकशे दहा रुपये मागितले. मीटरच्या दुपटीहून जास्त होते. अण्णांनी घासाघीस न करता दिले.

नाथा वाचला. दोन स्टेंट टाकाव्या लागल्या.

पण नाथा घरी यायच्या आधीच शिक्षकांचं ते चित्रण सगळ्या डोंबिवलीभर फिरलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर आलं, एसटीच्या निवृत्तांच्या ग्रुपवर आलं, ठाण्याहून अनिमेषचा फोन आला. चित्रणात आधी ती रांग होती, वाकून 'हा... हा...' करणारी. मग कुणी किंचाळलं आणि रांग फुटली. आणि त्यापुढे, फरशीवर पडलेल्या माणसाच्या चित्रावर, लांबून एकट्या अण्णांचं हसणं ऐकू येत होतं. थांबता थांबत नव्हतं.

"बाबा, तुम्ही काय केलंत हे?" अनिमेषने विचारलं.

"गडगडाटी हास्य," अण्णा म्हणाले. "ते शेवटीच असतं. त्या दिवशी आधी घेतलं."

बागेत त्यांनी स्वतःहून विषय काढला. छत्रीखाली गद्रे एकटेच होते, म्हणून अण्णा व्यायामाच्या साधनांपाशी गेले. तिथे माणसं जमली होती, स्पीकर बंद होता.

"माझे डोळे मिटलेले होते," अण्णा म्हणाले. "नियमच आहे. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

अण्णांनी रांगेवरून बोट फिरवलं.

"आणि तुम्हीही हसत होतात! तो खाली पडत होता आणि तुम्ही त्याच्यासारखे वाकत होतात. गुडघ्यांवर कोण बसलं होतं? मी?"

"आमचं थांबलं, खांबेटे," बँकवाले म्हणाले. "तुमचं थांबलं नाही."

"मला दिसलं नाही!"

"गद्रेंनी हात लावला होता तुम्हाला."

अण्णांनी गद्रेंकडे पाहिलं. गद्रे तोवर त्यांच्या मागोमाग येऊन उभे राहिले होते. ते चपलेकडे बघत म्हणाले, "मी लावला होता, अण्णा."

घरी मंदाकिनीबाई मेथी निवडत होत्या. अण्णा खूप वेळ येरझारा घालून त्यांच्यासमोर थांबले.

"तुला तरी पटतंय ना? मला दिसलं असतं तर मी थांबलो असतो."

"मला कशाला विचारता?"

"तूच सांग. थांबलो असतो की नाही?"

मंदाकिनीबाईंनी एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. "तुमचा चेहरा दिसत होता मला तिथून," म्हणाल्या. "मला विचारू नका."

दिवाळी झाल्यावर अण्णा नाथाच्या घरी गेले. माफी मागायला नव्हे; माफी मागण्यासारखं आपण काही केलेलं नाही, हे त्यांनी जिन्यात स्वतःला पुन्हा एकदा सांगितलं. नाथाने स्वतः लोकांना सांगावं की खांबेट्यांनी मुद्दाम केलं नाही, एवढंच त्यांना हवं होतं. नाथाने सांगितलं तर लोक परत येतील.

नाथा पलंगावर उशांना टेकून बसला होता. चेहरा उतरला होता, पण डोळे तेच.

"ये, कंट्रोलर. मेलो नाय. बगून घे."

"कसे आहात?"

"तू हसलास. मना ऐकू येत होता. समदा काला झाला आनि तुझा हसणं तेवढा ऐकू येत होता."

"माझे डोळे मिटलेले होते, तांडेल."

"माझे उघडे होते," नाथा म्हणाला.

"तुम्हाला रिक्षात घालून कोणी नेलं? मी. नाहीतर ती रुग्णवाहिका..."

"नेलास. कारन समदी बगत होती. मी बी तुला नेला असता, लोक बगत असते तर."

चंद्रभागेने चहा आणून ठेवला. कप ठेवता ठेवता तिला आठवलं. "रिक्षाचा पैसा यांनी दिला त्या दिवशी. देऊ का?" म्हणत ती कपाटाकडे वळली.

"नको देऊ," नाथा म्हणाला.

"अवो, एकशे दहा रुपयं..."

"नको देऊ म्हटला ना. कंट्रोलर, तू हसलास, त्याच्यात कापून घे."

चहा तसाच ठेवून अण्णा उठले. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, "लोकांना सांगाल का, मी मुद्दाम केलं नाही म्हणून?"

"मना काय म्हाईत, मुद्दाम केलास का नाय?" नाथा म्हणाला. "तुला तरी म्हाईत हाय का?"

जानेवारीत महापालिकेने व्यायामाच्या साधनांजवळ पाइप टाकायला खोदकाम काढलं आणि तिकडचा क्लब छत्रीखाली आला. अडवायला कोणी नव्हतं. नाथाला डॉक्टरांनी जोराने हसायला बंदी केली आहे. तो खुर्चीवर बसून माइकवरून 'हात वर, हात खाली' एवढंच सांगतो. नक्कल आता करत नाही. गद्रे पहिल्या रांगेत असतात. मंदाकिनीबाई चंद्रभागेच्या शेजारी. तिथे कुणीही डोळे मिटत नाही.

अण्णा सकाळी अजून त्याच वेळी निघतात. बायकोला फाटकापर्यंत सोडतात आणि बाहेरच्या रस्त्याने खाडीच्या दिशेला चालत जातात. एकदा एका वाटसरूने त्यांना चित्रणातला माणूस म्हणून ओळखलं आणि मुलाला बोटाने दाखवलं. तेव्हापासून ते टोपी घालतात. परत येताना फाटकाशी थांबतात. आतला स्पीकर बंद होईपर्यंत बाहेर उभे राहतात. मंदाकिनीबाई आल्या की दोघं घरी जातात. रस्त्यात त्या बोलल्या तर अण्णा उत्तर देतात.

रिक्षाचे एकशे दहा रुपये नाथा तांडेलकडून अद्याप येणे आहेत.